विसरण्याची निगा

रत्नागिरीत टेपरेकॉर्डर बाळगायचा म्हणजे दोन वैरी गृहीत धरूनच चालायचं: खारा वारा आणि पाऊस. मिरकरवाड्याकडून येणारं वारं खिडकीचे गज खातं, तिथं टेपच्या बारीक स्क्रूंची काय कथा? श्रावणात कपाट उघडावं, तर फितीच्या कडेला पांढरी बुरशी धरलेली. त्यामुळं आमच्याकडं टेपची निगा ही लोणच्या-पापडांसारखी ऋतू पाहून करायची गोष्ट आहे.

झाकण काढलं की आधी हेड पुसायचं. आयसोप्रोपिल अल्कोहोलात भिजवलेला कापसाचा बोळा हेडवरून फिरवला की तपकिरी होतो. ही फितीची झीज, म्हणजे लोहाचा ऑक्साइड. आमच्या घराच्या भिंती जांभ्याच्या. त्या चिऱ्याला तांबडेपण देणारा आणि फितीवर आवाज धरून ठेवणारा, दोघेही लोहाच्या गंजाच्याच कुळातले. कोकणातल्या माणसांचे आवाज त्यांच्या मातीच्या भाऊबंदावर उमटले, याचं मला अजून अप्रूप वाटतं. मग कॅपस्टनची बारीक दांडी आणि तिला टेकून फिरणारा रबरी पिंच रोलर. तो चिकट राहिला की टेप कॅसेट खाते.

दिसणारा मळ असा निघतो. न दिसणारा मागं उरतो. वापरता वापरता हेड, दांडी, फितीच्या वाटेवरचे पोलादी भाग थोडं थोडं चुंबकत्व धरतात. मग वाजवतानाही हेड फितीवर आपला हात मारतं: खरखर वाढते, बारीक स्वर पुसट होत जातात. कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते. ओवी उचलण्याआधी आजीनं घेतलेला श्वास बोटभर फितीत मावतो. तिच्या ‘स’मधला सीत्कार मात्र मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून आखूड लाटांत लिहिलेला असतो. आधी जातो तो हाच. शब्द कळत राहतात, पण पडलेल्या दाताच्या फटीतून निसटणारी आजीची हवा ऐकू येईनाशी होते.

यावर उतारा डिमॅग्नेटायझरचा. लांब चोचीची, तारेची गुंडाळी असते ती. टेप बंद करायची, सगळ्या कॅसेट्स दुसऱ्या खोलीत न्यायच्या, चोच हातभर लांब धरून बटण दाबायचं. 50 हर्ट्झच्या विजेवर तिचं चुंबकीय क्षेत्र सेकंदाला शंभरदा दिशा पालटतं. चोच हेडजवळ न्यायची, सावकाश फिरवायची आणि त्याहून सावकाश मागं घ्यायची. अंतर वाढेल तसं हेडचं लोखंड एकदा इकडं, एकदा तिकडं, दरवेळी थोडं कमी झुकतं आणि अखेर कुठंच झुकत नाही. पुरेसं लांब आल्यावरच बटण बंद. मधेच वीज गेली, आणि पावसाळ्यात ती जातेच, तर शेवटचा झटका हेडमध्ये राहतो, पुन्हा पहिल्यापासून.

या हेडखालून काय काय गेलं आहे! गणपतीतल्या आरत्या, नमनातला मृदंग, मुंबईच्या चाकरमान्यानं पत्राऐवजी धाडलेलं बोलणं, आकाशवाणीच्या रत्नागिरी केंद्रावरून उतरवून घेतलेलं नाट्यगीत. आठवण धरायचं काम फितीचं. हेडला ती मुभा नाही. त्यानं स्वतःजवळ काही ठेवलं, की पुढच्या प्रत्येकाच्या आवाजात त्याची खरखर मिसळते.

माणसांना हे जमत नाही. आजी कशी होती हे मी सांगू लागलो की माझी माया तिच्या सुरात शिरते. काका सांगतात तेव्हा जुन्या वाटणीची अढी. दोघांचं म्हणणं खोटं नसतं, आणि दोघांच्या बोलण्यात आजी थोडी थोडी झिजत जाते. म्हणून वाद वाढला की मी हेड पुसून कॅसेट लावतो. तिथली आजी मायाळूही नाही आणि कजागही नाही. ओवी मधेच तोडून, दाणे संपले म्हणून सुनेवर खेकसणारी आणि लगेच पुढची ओळ उचलणारी एक बाई आहे ती.