विकतचा रंग आणि माणसांचा उजेड

मुंबईच्या रस्त्यावर रंगीत काय काय आहे याची यादी करायला बसलं, तर ती बघता बघता जाहिरातींची यादी होते. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स, बसच्या अंगभर चिकटवलेली साबणाची नाहीतर विम्याची जाहिरात, दुकानांच्या झगझगीत पाट्या, उड्डाणपुलाच्या खांबांवरचे राजकीय चेहरे. या रंगांत एक गोष्ट समान आहे. येणाऱ्याजाणाऱ्याची नजर वळावी म्हणून कोणीतरी त्यांचे पैसे मोजलेले असतात. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला वादळात कोसळून १७ जणांचा जीव घेणारा फलक सुमारे १२० फूट लांब आणि तेवढाच उंच होता. नजर विकत घेण्याची भूक कुठवर जाते, हे त्या आकारावरून कळतं. अशा फलकांखालून चालणाऱ्या माणसाजवळ मात्र तेवढा रंग नसतो. त्याचा शर्ट धुऊन विटलेला असतो, गणवेश खाकी असतो, हातातली पिशवी मातकट झालेली असते. म्हणून रस्त्याचं रंगीत छायाचित्र पाहताना डोळा आधी फलकाकडे जातो आणि मग, जमलंच तर, माणसाकडे. शहराचं रोजचं जगणं मी कृष्णधवल छायाचित्रांत टिपतो, त्याचं कारण या क्रमात आहे. रंग काढला तरी फलकाचा आकार उरतो, अक्षरंही उरतात. पण पैसे देऊन मिळवलेली त्याची आघाडी संपते. फलकावरचा हसरा चेहरा आणि त्याच्याखाली बस पकडायला धावणारा माणूस एकाच उजेडात येतात, आणि मग धावणाऱ्याकडे आधी पाहिलं जाण्याची शक्यता निर्माण होते.

याचा पुरावा हवा असेल तर रघू राय यांचं १९९५चं चर्चगेट स्टेशनचं छायाचित्र पाहावं. शटर काही काळ उघडं राहिल्यामुळे फलाटावरची गर्दी विरघळून गेली आहे आणि तिच्यामध्ये वर्तमानपत्र वाचणारी मोजकी माणसं तेवढी स्थिर आहेत. हेच चित्र रंगीत असतं, तर विरघळलेल्या गर्दीचे लाल, निळे, पिवळे पट्टे झाले असते आणि डोळा त्या पट्ट्यांच्या मागे गेला असता. करड्या छटांत एकच फरक उरतो, हलणारं आणि न हलणारं. एवढ्या लोंढ्यात स्वतःपुरती शांत जागा तयार करणं, ही मुंबईकराची रोजची कमाई आहे आणि ती या एका फरकातून दिसते. लोकलच्या डब्यातही तेच. तिघांच्या बाकावर कडेला टेकलेला चौथा, त्याच्यासाठी न बोलता सरकलेले तिघं, खांद्यावर पडू पाहणारं शेजाऱ्याचं डुलकी घेणारं डोकं, वरच्या कडीला धरलेल्या हातांची दाटी. या सगळ्या गोष्टी अंतराच्या आणि देहाच्या ठेवणीच्या आहेत. कोणी कोणाला किती जागा दिली, हे सांगायला रंगाची गरज पडत नाही; उलट एखादा भडक टी-शर्ट ते सांगणं बिघडवू शकतो.

रंग गेल्यावर काम सोपं होतं असं कोणी समजू नये. लाल साडी हिरव्या भिंतीसमोर डोळ्यांना उठून दिसते, पण दोन्हींची उजळता सारखी असेल तर कृष्णधवल छायाचित्रात ती भिंतीत मिसळून जाते. म्हणून वस्तूंचा रंग विसरून त्यांच्यावर पडलेला उजेड वाचायची सवय लावून घ्यावी लागते. ही सवय शहराबद्दल बरंच शिकवते, कारण मुंबईत उजेड सगळ्यांना सारखा मिळत नाही. १९२०च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि ना. म. जोशी मार्गावर उभ्या राहिलेल्या बीडीडी चाळींची रचना पाहा. मधून लांब बोळ, दोन्ही बाजूंना १६० चौरस फुटांच्या खोल्या. ज्या खोलीचं दार उघडं असेल तिथून उजेडाचा एक तुकडा बोळात पडतो; दार बंद असेल तिथे अंधार. दाराशी बसून कोणी भाजी निवडतं, कोणी अभ्यास करतं, ते त्या तुकड्याच्या हिशेबानेच. रंगीत छायाचित्रात इथे ट्यूबलाइटचा हिरवट, बल्बचा पिवळा आणि खिडकीतून येणारा निळसर उजेड यांची कालवाकालव होते आणि पाहणाऱ्याला तेवढीच दिसते. कृष्णधवल छायाचित्रात उजेड कुठून आला, कुठवर पोचला आणि कोणापर्यंत पोचलाच नाही, हे स्पष्ट उरतं. राहत्या जागेच्या टंचाईबद्दल याहून थेट विधान कॅमेऱ्याला क्वचितच करता येतं.

या भूमिकेवरचा सगळ्यात वजनदार आक्षेप रघुबीर सिंह यांचा आहे. जयपूरला जन्मलेल्या या छायाचित्रकाराने १९६६ साली तिथेच आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांना काम करताना पाहिलं, त्यांना मानलं, पण त्यांचा कृष्णधवल मार्ग मात्र नाकारला. भारतीय माणूस रंगातूनच जग पाहतो आणि कृष्णधवल छायाचित्रणामागची उदासी व तुटलेपण पाश्चात्त्य मनाचं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. १९९९ साली निधन होईपर्यंत ते रंगालाच धरून राहिले. १९९४ साली त्यांचं मुंबईवरचं पुस्तक आलं. त्यांचं १९८९चं एक छायाचित्र झवेरी बाजार आणि दागिन्यांची पेढी यांना एकाच चौकटीत आणतं. ते मला पूर्ण पटतं, कारण तिथे बाजाराची झळाळी हाच विषय आहे. झळाळी सांगायची तर रंग लागणारच. पण त्यावरून भारतातलं प्रत्येक जगणं रंगातच सांगावं, हा निष्कर्ष निघत नाही. पाचच्या पाळीला निघालेला सुरक्षारक्षक किंवा फलाटावर झोपलेला हमाल यांच्या आयुष्यात रंग नाहीत असं मी म्हणत नाही. त्यांच्या भोवतीचे बहुतेक रंग त्यांचे नाहीत, एवढंच म्हणतो. आणि करडी छटा म्हणजे उदासीच, हेही खरं नाही. जुलैतल्या पावसात समुद्राच्या कठड्यावर भिजत उभ्या राहिलेल्या पोरांचं कृष्णधवल छायाचित्र कोणत्याही रंगीत चित्राइतकं आनंदी असू शकतं.

दुसरा आक्षेप मला अधिक जवळचा वाटतो आणि त्याने माझ्या भूमिकेला मर्यादा घातली आहे. प्रत्येक रंग विकतचा नसतो. काही रंग लोकांनी स्वतः मिळवलेले असतात. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या जनसागराचा निळा रंग ही केवळ दृश्यातली छटा नाही. तो निळा करडा केला, तर ती गर्दी कशासाठी जमली आहे हेच पुसलं जातं, आणि पुसणारा छायाचित्रकार असतो. डबेवाल्यांच्या डब्यांवरच्या रंगीत खुणांचंही तसंच. डबा कुठून निघाला आणि कुठे जायचा, हे सांगणाऱ्या त्या पद्धतीत रंगालाही काम आहे. तो काढला तर त्यांच्या कौशल्याचा एक भाग झाकला जातो. अशा ठिकाणी कृष्णधवल छायाचित्र काढणं ही चूक आहे, आणि केवळ आपली शैली म्हणून ती करणं ही त्याहून मोठी चूक आहे. तेव्हा प्रश्न असा विचारावा की समोरचा रंग कोणाचा आहे. तो माणसांचा स्वतःचा असेल तर राहू द्यावा. त्यांच्यावर लादलेला असेल तर काढावा.

तिसरा आक्षेप गरिबीच्या सौंदर्यीकरणाचा. कृष्णधवल छायाचित्रात घाणही देखणी होते, असं म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांची जी कृष्णधवल छायाचित्रं काढली, ती या आक्षेपाच्या कसोटीवर पाहण्यासारखी आहेत. २०१६ साली पद्मश्री मिळालेल्या या छायाचित्रकाराने कचऱ्याच्या ढिगात आणि मॅनहोलमध्ये उतरलेली माणसं दाखवली. तीच दृश्यं रंगीत असती तर पाहणाऱ्याला किळस आली असती आणि त्याने मान फिरवली असती, म्हणजे या शहरात रोज जे होतं तेच पुन्हा झालं असतं. रंग नसल्यामुळे नजर थांबते आणि मग मैल्याआधी माणूस दिसतो, त्याचे हातमोज्याविना हात दिसतात. सौंदर्यीकरण करड्या छटेमुळे होत नाही. माणसाचं काम, त्याचा पत्ता, त्याला त्या जागी ठेवणारी जात यांबद्दल गप्प राहिल्यामुळे होतं, आणि ते गप्प राहणं रंगीत छायाचित्रातही तितकंच शक्य आहे.

डिजिटल कॅमेऱ्यात आधीच रंग असतात, मग ते पुसून करडं करणं म्हणजे बनावटगिरी नाही का, असंही विचारलं जातं. प्रत्यक्षात बहुतेक सेन्सरचा प्रत्येक बिंदू फक्त उजेड मोजतो. त्याच्यावर लाल, हिरव्या किंवा निळ्या रंगाची गाळणी बसवलेली असते, निम्म्या गाळण्या हिरव्या असतात, आणि शेजारच्या बिंदूंचा हिशेब करून रंग नंतर रचला जातो. म्हणजे रंगही एक अर्थ लावणंच आहे. खरा धोका वेगळा आहे. करडं करताना कोणता रंग किती उजळ दिसावा, हे आपल्या हातात येतं. लाल आणि नारिंगीची मात्रा थोडी वाढवली की सावळी कातडी उजळ होते. गोरेपणाचा जुना हव्यास असा सहज, कोणाच्या लक्षात न येता चित्रात शिरतो. अॅन्सेल अॅडम्स यांच्या झोन पद्धतीत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उजळतेच्या अकरा पायऱ्या आहेत आणि उजेडातली गोरी कातडी सहाव्या झोनवर ठेवावी, असा तिचा नेहमीचा धडा आहे. तो धडा जसाच्या तसा घेतला तर आपल्याकडचे बहुतेक चेहरे खोटे उजळतील. उलटपक्षी लोकलच्या दारात, मागे लख्ख आकाश असताना, मीटरवर विसंबलं तर सावळा चेहरा निव्वळ काळा डाग होतो. तेव्हा चेहऱ्यावरून एक्स्पोजर घ्यावं आणि आकाश जळू द्यावं. चौकटीत कोणाचा तपशील वाचवायचा, हा निर्णय तांत्रिक दिसला तरी न्यायाचा असतो.

शेवटचा आक्षेप काळाचा. कृष्णधवल छायाचित्र कालचंही जुनं वाटतं आणि जुनं वाटलं की गोड वाटतं. गिरणगावाची कितीतरी चित्रं या गोडव्याला बळी पडतात. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या गिरणी संपाने ज्यांचे संसार उद्ध्वस्त केले त्यांच्या भिंती नुसत्या सुंदर पोताच्या उरतात. यावर उपाय आहे, पण तो शिस्तीचा आहे. चौकटीतून मोबाइल, मेट्रोचे खांब, मागचा काचेचा टॉवर मुद्दाम टाळू नयेत. त्यांच्यासकट आजचं शहर येऊ द्यावं. आणि प्रत्येक छायाचित्राखाली जागा आणि तारीख लिहावी. सूनी तारापोरवाला यांच्या ‘होम इन द सिटी’ या पुस्तकाच्या नावातच १९७७ ते २०१७ हा काळ नोंदलेला आहे. चाळीस वर्षांच्या त्या कृष्णधवल नोंदीत शहर बदलताना दिसतं, ते वर्षं लिहिलेली असल्यामुळे. रंग काढून घेताना आपण प्रेक्षकाकडून काळाची एक खूण काढून घेतो, ती शब्दांत परत देणं हे आपलं देणं आहे. विकतचा रंग नाकारायचा, लोकांचा रंग राखायचा, चेहऱ्याची खरी छटा जपायची आणि काळ लपवायचा नाही, एवढी बांधिलकी पाळणाऱ्यालाच शहराचं जगणं दोन रंगांत सांगण्याचा अधिकार पोचतो. ती पाळली नाही तर कृष्णधवल हीदेखील एक सजावट होते, आणि सजावटीची या शहराला मुळीच कमतरता नाही.