किती चंद्र दिसतात?

कोजागिरीला आमच्या काचीगुड्याच्या घराच्या गच्चीवर दूध आटवण्याची पद्धत पणजोबांपासूनची. ते निजामाच्या काळात परभणीहून इथे आले आणि इथलेच झाले. चार वर्षांपूर्वीच्या कोजागिरीला सगळे पेले हातात घेऊन चंद्राकडे बघत होते. मी सहज म्हणाले, "आज चंद्राच्या मागे दोन-तीन फिकट चंद्र का दिसतायत?" भाऊ म्हणाला, "ताई, तुझ्या दुधात कुणी भांग घातली?" सगळे हसले. मीही हसले. पण मग एकेक डोळा झाकून पाहिलं, तरी उजव्या डोळ्याला चंद्र एकाचे चार दिसत होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. चष्मा सातवीपासूनचा. दोन वर्षांत तीनदा नंबर बदलला होता, त्यातही सिलिंडरचा नंबर वाढतच चालला होता. दर वेळी नवा चष्मा यायचा आणि चार दिवसांत वाटायचं, काच पुसायची राहिली की काय! अमीरपेटला मेट्रो बदलताना पाटीवरची अक्षरं एकमेकांवर सांडल्यासारखी दिसायची. रात्री समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांना शेपट्या फुटायच्या. मी घरी काही बोलले नव्हते. बाबा चष्म्याच्या खर्चाबद्दल काही म्हणाले नसते, पण "मोबाइल कमी बघ" हे वाक्य मात्र नक्की ऐकावं लागलं असतं.

शेवटी आई मला बंजारा हिल्सला एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत घेऊन गेली. हैदराबादकरांना ही संस्था सांगायला नको. डॉ. गुल्लपल्ली नागेश्वर राव यांनी ती १९८७ साली सुरू केली. नाव मात्र सिनेमावाल्याचं. 'आलम आरा'त काम केलेले आणि पुढे 'एक दूजे के लिए'ची निर्मिती करणारे एल. व्ही. प्रसाद यांनी तिच्यासाठी पाच एकर जमीन आणि एक कोटी रुपये दिले. तिथल्या बाकावर आमच्या एका बाजूला आदिलाबादचे शेतकरी आजोबा होते आणि दुसऱ्या बाजूला लॅपटॉप उघडून बसलेला एक मुलगा. दोघांच्याही डोळ्यांत थेंब घातलेले, दोघंही सारखेच आंधळे-कोशिंबिरीतले.

यंत्रासमोर हनुवटी टेकवली आणि पडद्यावर माझ्या डोळ्याचा रंगीत नकाशा उमटला. बराचसा हिरवा, खाली मात्र लालभडक डाग. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "डोळे चोळतेस का?" आई माझ्याआधी म्हणाली, "लहानपणापासून! मुठी वळून चोळते." मला धुळीची अ‍ॅलर्जी आहे. डोळे खाजले की चोळायचे, त्यात काय विचारायचं, असंच वाटायचं.

आजाराचं नाव केराटोकोनस. बुबुळावर जो पारदर्शक पडदा असतो, तो कॉर्निया. मधोमध त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. या आजारात तो आणखी पातळ होतो आणि शंकूसारखा पुढे येतो. वेड्यावाकड्या काचेतून पाहावं तसं दिसू लागतं, आणि ते वाकडेपण चष्म्याला पुरतं दुरुस्त करता येत नाही. बहुतेकांना तो वयात येताना सुरू होतो, आणि सतत डोळे चोळण्याने तो वाढायला मदत होते. पुढे वाढू नये म्हणून माझ्या उजव्या डोळ्यावर क्रॉसलिंकिंग केलं. रायबोफ्लेविन म्हणजे बी-२ जीवनसत्त्वाचे थेंब घालून वरून अतिनील प्रकाश सोडतात, त्याने कॉर्निया कडक होतो. पण त्याने आहे तेवढं टिकतं, गेलेलं परत येत नाही. स्पष्ट दिसायला हवं असेल तर कडक कॉन्टॅक्ट लेन्स.

मला वाटायचं, लेन्स म्हणजे लग्नाच्या फोटोसाठी चष्मा काढायची सोय. पण तिचा इतिहास वेगळाच निघाला. पॅरिसचे डॉक्टर युजीन काल्ट यांनी १८८८च्या सुमारास केराटोकोनसच्या रुग्णांच्या डोळ्यांवर काचेच्या वाट्या बसवून पाहिल्या होत्या. म्हणजे लेन्स जन्मली तीच माझ्यासारख्यांच्या सोबतीने! आज सर्रास वापरतात त्या मऊ लेन्स फार पुढच्या. ओटो विख्टरले या चेक रसायनशास्त्रज्ञाने १९६१च्या नाताळात घरच्या टेबलावर मुलांच्या खेळण्यातले भाग जोडून यंत्र केलं आणि त्यावर त्या ओतल्या. माझी लेन्स मात्र कडक, आईच्या मोठ्या टिकलीएवढी. तिच्यातून हवेतला प्राणवायू आरपार जातो, कारण कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात. तो आपला श्वास बराचसा हवेतूनच घेतो.

पहिल्या दिवशी लेन्स घालायला मला पन्नास मिनिटं लागली. टेबलावर आरसा आडवा ठेवायचा, खाली टॉवेल अंथरायचा, एका बोटाने वरची पापणी धरायची, दुसऱ्याने खालची, आणि डोळा मिटायचा नाही. डोळा मिटायचाच. लेन्स गालावर, नाकावर, एकदा चहाच्या कपात. शेवटी बसली, तेव्हा डोळ्यात शेंगदाण्याचं टरफल गेल्यासारखं झालं. पाण्याच्या धारा लागल्या. आजी देवघरातून म्हणाली, "अगं माय, एवढं रडून बघण्यापेक्षा न बघितलेलं बरं!"

पण धारा थांबल्या आणि मी खिडकीतून बाहेर पाहिलं. समोरच्या कडुलिंबाला पानं होती. म्हणजे होतीच, पण माझ्यासाठी तो दोन वर्षं नुसता हिरवा ढग होता.

कसं काय झालं हे, असं मी पुढच्या भेटीत विचारलं. उत्तर फार आवडलं. कडक लेन्स वाकड्या कॉर्नियाला चिकटत नाही. दोघांच्या मधल्या खाचाखोचा अश्रू भरून काढतात. लेन्सचा गुळगुळीत पृष्ठभाग आणि ते अश्रू मिळून डोळ्याला नवं, नीट भिंग होतं. ज्या पाण्याला मी वैतागले होते, तेच मला दाखवत होतं.

पहिल्या दिवशी तीन तास, मग रोज एक-एक तास वाढवायचा, असं मला सांगितलं होतं. दुसऱ्या आठवड्यात टरफल गेलं, तिसऱ्यात लेन्स आहे हे विसरायला लागले. ऑफिसच्या एसीत डोळे कोरडे व्हायचे. स्क्रीनपुढे आपण पापण्या कमी मिटतो, हे तेव्हा कळलं. मग डॉक्टरांनी दिलेले थेंब आणि अधूनमधून मुद्दाम पापण्या मिटणं. नळाचं पाणी मात्र लेन्सला वर्ज्य. नळाच्या पाण्यातले अकँथअमीबासारखे जीव डोळा गमावण्यापर्यंत नेऊ शकतात. गंडीपेटचं पाणी प्यायलेला माणूस हैदराबाद सोडत नाही म्हणतात. पण लेन्सला ते लागलेलं चालत नाही.

हे सगळं पाठ असूनही मी चूक केलीच. नांदेडला मावसबहिणीचं लग्न होतं. पहाटे पाचला लेन्स घातली. होमाचा धूर, मांडवातली धूळ, अक्षता. दुपारपासून उजवा डोळा टोचत होता. लेन्स काढली असती तर करवली म्हणून धडपडत फिरावं लागलं असतं, आणि सगळ्यांनी विचारलं असतं, "हिच्या डोळ्याला काय झालं?" म्हणून सोसलं. एकदा तर कार्यालयाच्या नळाखाली लेन्स धुऊन परत घातली. रात्री अकराला काढली, तेव्हा दिव्याकडे बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हैदराबादला पोचताच दवाखाना गाठला. कॉर्नियावर ओरखडा होता. जंतुसंसर्ग झाला नव्हता, हे नशीब. डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं की सवयीचा त्रास रोज थोडा कमी होतो, आणि जो त्रास वाढत जातो तो सवयीचा नसतो. लाली, टोचणी, प्रकाश सहन न होणं, धूसर दिसणं, यातलं काहीही झालं की लेन्स आधी काढायची, मग डॉक्टर. कॉर्नियात मज्जातंतू दाटीवाटीने असतात. तो दुखतो तेव्हा तो काहीतरी सांगत असतो.

आठ दिवस लेन्स बंद. पुन्हा हिरवा ढग. एका दुपारी आजीजवळ बसले आणि पहिल्यांदा सगळं सांगितलं. चंद्रापासून नांदेडच्या नळापर्यंत. आमच्या घरात सोसणं हा मोठा गुण. आजीने चुलीच्या धुरात वीस माणसांचा स्वयंपाक केला, कधी कुरकुर केली नाही, हे आम्ही अभिमानाने सांगतो. आजी गप्प बसली. मग माझा हात धरून हळूच म्हणाली, "माझ्या डाव्या डोळ्यानं वर्षभर धुरकटच दिसतंय बघ. पोथीसुद्धा एकाच डोळ्यानं वाचते. तुमच्या मागं कशाला लचांड, म्हणून बोलले नाही."

मोतीबिंदू होता. महिन्याभरात ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर आजी मला म्हणाली, "तुझ्या गालावर एवढे फोड कधी आले गं?"

माझा आजार जाणार नाही. लेन्स रोज घालायची, रोज काढायची, रोज तिच्या द्रावणात ठेवायची. डोळे खाजले की थंड पट्टी, मुठी नाहीत. तुमच्यापैकी कुणाचा नंबर सारखा बदलत असेल, दिव्यांना शेपट्या दिसत असतील, तर एकदा कॉर्नियाचा नकाशा काढून घ्या. आणि घरात सांगा. हसतील, "मोबाइल कमी बघ" म्हणतील, तरी सांगा.

गेल्या कोजागिरीला गच्चीवर आजीने पेला हातात घेतला आणि मला विचारलं, "किती दिसतात?"

"एक," मी म्हणाले. "आणि तुला?"

"हौ, एकच," आजी म्हणाली. "पण डाग फार आहेत की गं त्याला!"