शेवटी काय लावलं होतं?

होस्टेलच्या प्रत्येक विंगला एक डॉक्टर असतो. एमबीबीएस नव्हे, लॅपटॉपचा. आमच्या विंगचा डॉक्टर मी. ही पदवी मला कोणत्याही विद्यापीठानं दिलेली नाही. फर्स्ट इयरला एकाच्या लॅपटॉपचा आवाज येत नव्हता आणि मी त्याचं म्यूटचं बटण दाबून तो आणून दिला, तेव्हापासून ती मागे लागली. फी ठरलेली : साध्या आजाराला एक चहा, फॉरमॅट मारायचा असेल तर रात्रीचं ऑम्लेट-पाव. मोठेपणा कोणाला नको असतो हो? हळूहळू मलाही वाटायला लागलं की आपल्याला खरंच काहीतरी येतं.

तर ही गोष्ट २०२३ च्या ऑगस्टमधली. आम्ही थर्ड इयरला होतो. एका कंपनीची इंटर्नशिपसाठी ऑनलाइन टेस्ट होती, सकाळी १० वाजता, आपापल्या लॅपटॉपवर, कॅमेरा चालू ठेवून. आदल्या संध्याकाळी माझा रूम पार्टनर लातूरकर (आडनाव वेगळं आहे, पण होस्टेलात माणूस गावावरूनच ओळखला जातो) मला म्हणाला, "डॉक्टर, लॅपटॉप जरा हळू चालतोय का रे? उद्या टेस्टला अडकायला नको."

हा लॅपटॉप साधासुधा नाही. लातूरकराचं घर औशाजवळच्या एका खेड्यात. वडिलांची सोयाबीनची थोडी जमीन. लॅपटॉप घेऊन दिला त्याच्या ताईनं. ती अंगणवाडीत सेविका आहे. दोन वर्षं भरलेल्या भिशीचा नंबर लागला तेव्हा तिनं स्वतःसाठी काही न घेता हे यंत्र घेतलं. लातूरकर ते रोज मऊ फडक्यानं पुसतो. आम्ही हसतो. तो पुसत राहतो.

आता खरं सांगायचं तर लॅपटॉपला काहीही झालेलं नव्हतं. चाळीस टॅब उघडे होते, ते बंद केले असते की झालं असतं. पण 'टॅब बंद कर' असं सांगणारा डॉक्टर कोणाला आवडतो? पेशंटला गोळी हवी असते आणि डॉक्टरला गोळी द्यायची हौस असते. मी पेन ड्राइव्हमधून माझा लाडका प्रोग्रॅम काढला. सगळे ड्रायव्हर एका झटक्यात अपडेट करणारा, फुकटचा. त्यानं स्कॅन करून लाल अक्षरांत सांगितलं : १७ ड्रायव्हर जुने! लातूरकर घाबरला. मी मात्र तज्ज्ञासारखा मान हलवली आणि 'अपडेट ऑल' दाबलं. तो जर्नल पूर्ण करायला शेजारच्या रूमवर गेला होता. त्यामुळे मी नेमकं काय केलं हे त्यानं पाहिलंच नाही. रीस्टार्ट केला, झाकण लावलं आणि मी चहाला गेलो.

रात्री साडेनऊला हाक आली. "डॉक्टर, वायफाय दिसंना!"

पाहतो तर खरंच नाही. नेट स्लो आहे, पासवर्ड चुकतोय, असं काही नाही. वायफायचं बटणच गायब! खाली कोपऱ्यात नुसता गोल पृथ्वीचा आयकॉन, माणूस नसलेल्या ग्रहासारखा. माझ्या पोटात तेव्हाच खड्डा पडला. पण तोंडानं काय म्हणालो? "कॉलेजचा सर्व्हर डाऊन असेल."

"तुझं तर चालू आहे की."

"मग तुझा आयपी गंडला असेल. थांब." मी काळी खिडकी उघडली. (काळी खिडकी उघडली की पेशंटचा विश्वास निम्म्यानं वाढतो, हे अनुभवाचे बोल आहेत.) टाइप केलं, पिंग १२७.०.०.१. चार पॅकेट गेली, चारही परत आली, लॉस शून्य. "बघ, नेटवर्क ओके आहे," मी म्हणालो. लातूरकराला हायसं वाटलं. मला मात्र स्वतःची लाज वाटली, कारण १२७.०.०.१ हा लॅपटॉपचा स्वतःचाच पत्ता. ते पॅकेट मशीनच्या बाहेर पाऊलही टाकत नाही. वायफायचं कार्ड उपटून खिडकीतून फेकून दिलं तरी हे पिंग चारपैकी चार मार्क घेणार. म्हणजे आरशासमोर उभं राहून 'कसं काय, बरं आहे ना?' विचारायचं आणि स्वतःच 'उत्तम' म्हणायचं!

मग मी डिव्हाइस मॅनेजर उघडला. नेटवर्क ॲडाप्टर्सच्या खाली वायफाय कार्डाच्या नावावर पिवळा त्रिकोण. प्रॉपर्टीज पाहिल्या : हे डिव्हाइस सुरू होऊ शकत नाही, कोड १०. ड्रायव्हरची तारीख नवी कोरी. संपलं. आता शंकेला जागाच नव्हती. कार्ड ठणठणीत होतं. ऑपरेटिंग सिस्टिम आणि कार्ड यांच्यामध्ये बोलणारा जो दुभाषी, तो मी संध्याकाळी बदलला होता आणि नव्या दुभाष्याला कार्डाची भाषा येत नव्हती.

त्याच खिडकीत 'ड्रायव्हर' नावाच्या टॅबवर 'रोल बॅक ड्रायव्हर' असं बटण असतं. नवा काढा, आधीचा बसवा. एक क्लिक, दोन मिनिटं. आणि त्या वेळी ते बटण जिवंत होतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पण लातूरकर खांद्यावरून वाकून बघत होता. रोल बॅक दाबलं असतं तर त्यानं विचारलं असतं, "बॅक म्हणजे? पुढं कोणी नेलं होतं?" म्हणून मी ते सोडलं आणि वर जाऊन 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' केलं, मग 'स्कॅन फॉर हार्डवेअर चेंजेस'. दिसायला हे जास्त भारी दिसतं. झालं काय, तर विंडोजनं कार्ड पुन्हा शोधलं, आपल्याकडच्या साठ्यातला सगळ्यात नवा ड्रायव्हर उचलला (म्हणजे तोच, बिघडलेला!) आणि इमानदारीत परत बसवला. त्रिकोण परत हजर. आणि आता रोल बॅकचं बटण मात्र राखाडी. कारण कार्ड काढून पुन्हा बसवल्यामुळे मशीनच्या लेखी हा त्याचा पहिलाच ड्रायव्हर होता. मागे जायला मागे काही उरलंच नव्हतं.

पुढचा दीड तास मी जे केलं ते लिहायलाही नको वाटतं. नेटवर्क रीसेट केलं. चार वेळा रीस्टार्ट केला. माझ्या लॅपटॉपवर त्या मॉडेलचं सपोर्ट पेज उघडून वायफायचा ड्रायव्हर उतरवला आणि पेन ड्राइव्हनं आणला. पण एकाच मॉडेलमध्ये कंपनी वेगवेगळ्या बनावटीची कार्डं घालते. पानावर तीन ड्रायव्हर होते आणि मी घाईत पहिला उचलला. तो अर्थातच दुसऱ्याच कार्डाचा निघाला. लॅनची वायर लावावी तर लॅपटॉप स्लिम, त्याला लॅनचं पोर्टच नाही. लातूरकर गप्प होता. मध्येच म्हणाला, "हार्डवेअर गेलं असेल का रे? ताईला कसं सांगायचं?" आणि मी, हो मीच, म्हणालो, "असू शकतं."

हे वाक्य मी बोललो. अजून आठवलं की कानशिलं तापतात.

आणि सव्वाअकराला विंगची लाईट गेली.

पावसाळ्यात होस्टेलात कपडे वाळत नाहीत हे सर्वांना माहीत आहे. कपडे वाळवायला काय काय प्लगला लावलं जातं हेही सर्वांना माहीत आहे, रेक्टर सरांना सोडून. (सर, आपण हे वाचत असाल तर हे वाक्य काल्पनिक समजावं.) वायरमन मामांना फोन गेला. मामा क्वार्टरवरून छत्री घेऊन, टॉर्च काखेत धरून आले. पॅसेजमधला बोर्ड उघडला. खटका पडलेला होता. पण मामांनी तो लगेच वर केला नाही. आमच्याकडे वळून टॉर्च मारला आणि विचारलं, "शेवटी काय लावलं होतं?"

सगळे चिडीचूप.

"बोला की. मी खटका वर करीन, तो परत पडंल. मी परत करीन, तो परत पडंल. वायर जळंपर्यंत हाच खेळ खेळायचा का? लाईट कशानं गेली ते मला शोधायला दोन तास लागतील. ज्यानं लावलं त्याला दोन सेकंद लागतील. वीस वर्षं झाली मला, कधी एक पोरगं खरं बोललं नाही."

१४ नंबरमधून हळूच आवाज आला, "मामा... इस्त्री. चड्डी वाळवत होतो." एकच हशा पिकला. मामांनी इस्त्री काढायला लावली, खटका वर केला, लाईट आली. मामा छत्री झटकत निघूनही गेले. सगळं मिळून पाच मिनिटं.

मी रूममध्ये आलो. दार लावलं. लातूरकर लॅपटॉप फडक्यानं पुसत बसला होता. बंद पडलेला, तरी पुसत होता.

म्हटलं, "हार्डवेअर नाही गेलेलं. संध्याकाळी मी सगळे ड्रायव्हर अपडेट केले होते. त्यानं गेलंय. मला साडेनऊलाच कळलं होतं."

शिव्या येतील म्हणून मी तयारीत होतो. आल्या नाहीत. बराच वेळ तो काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "साडेनऊला सांगितलं असतंस तर मी जेवायला तरी गेलो असतो." मेस कधीच बंद झाली होती. डॉक्टर संध्याकाळी चहा-पाव खाऊन बसला होता, पेशंट उपाशी.

मी त्याला माझा लॅपटॉप देऊ केला. "टेस्ट तुलाही आहे ना?" म्हणाला, "मग गप बस आणि नीट सांग. नेमकं काय केलंस, ओळीनं."

मी ओळीनं सांगितलं. अपडेट ऑल, अनइन्स्टॉल, स्कॅन, राखाडी बटण, पेन ड्राइव्हमधला चुकीचा ड्रायव्हर, सगळं. आधी कार्ड नेमकं कोणाचं आहे ते पाहायचं ठरलं. प्रॉपर्टीजमध्ये 'डिटेल्स'वर जाऊन 'हार्डवेअर आयडीज' निवडलं की एक लांबलचक आकडा दिसतो. त्यातला पहिला भाग कार्ड बनवणाऱ्याचा, दुसरा कार्डाचा. पहिला भाग होता ८०८६. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. ८०८६! १९७८ साली आलेला तो प्रोसेसर, २० ॲड्रेस लाइन्स, १ एमबी मेमरी, सेगमेंट रजिस्टर चार, ज्यानं ओरलला आमचा घाम काढला होता! इंटेलनं आपला व्हेंडर नंबर म्हणून तोच आकडा घेतलाय. लातूरकर त्या रात्री पहिल्यांदा हसला. "हा मेल्यावर पण पिच्छा सोडत नाही."

मी म्हणालो, आता बरोबर कार्डाचा ड्रायव्हर उतरवून आणतो. पण त्यानं थांबवलं. "तू म्हणतोस, विंडोजनं साठ्यातला नवा उचलला. म्हणजे साठा आहे. मग जुना पण त्याच साठ्यात असंल की. तो तू पुसलायस का?"

मी नव्हता पुसला. अनइन्स्टॉल करताना ड्रायव्हरची फाइलसुद्धा काढून टाकायची एक चौकट असते, ती मी घाबरून रिकामी सोडली होती. त्या रात्री माझ्या हातून चुकून झालेली ती एकमेव बरोबर गोष्ट.

मग 'अपडेट ड्रायव्हर', 'ब्राऊज माय कॉम्प्युटर', आणि त्याच्या खाली 'लेट मी पिक फ्रॉम अ लिस्ट'. ही वाट मी शंभरदा पाहिली होती आणि शंभरदा ओलांडून गेलो होतो. आत एकाच नावाच्या दोन ओळी. नाव तेच, व्हर्जनचे आकडे वेगळे. लहान आकड्याची ओळ लातूरकरानं स्वतः निवडली. मला माऊसला हात लावू दिला नाही. नेक्स्ट. दहा-पंधरा सेकंद स्क्रीन विचार करत राहिला. पिवळा त्रिकोण गेला आणि खालच्या पृथ्वीच्या जागी वायफायचा पंखा उमटला. नेटची गरजच लागली नाही. औषध मशीनच्या पोटातच पडून होतं.

घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. म्हणजे खरं सांगितल्यापासून जेमतेम पाऊण तास.

तो अपडेटवाला प्रोग्रॅम आम्ही काढून टाकला. माझ्या पेन ड्राइव्हमधूनसुद्धा. सकाळसाठी स्टेपनी हवी म्हणून मोबाईलवरून यूएसबी टेदरिंग करून बघायचं ठरलं, कारण त्याला वायफायचं कार्ड लागतच नाही. तर तीन केबल लावल्या, तिन्हींवर मोबाईल नुसता चार्ज होतोय, टेदरिंगचं बटण काही जागं होईना. त्या निघाल्या फक्त चार्जिंगच्या केबल, आत डेटाच्या तारा नाहीतच. चौथी चालली, आणि ती कोणाची होती? १४ नंबरची! इस्त्रीवाल्याची. वर त्यानं एक बिस्किटचा पुडा दिला, तोच लातूरकराचं जेवण.

टेस्ट झाली. लातूरकर पुढच्या राउंडला गेला, मी नाही गेलो. जागरणाचं कारण मी सगळ्यांना सांगितलं, पण जागरण त्याचंही तेवढंच झालं होतं, तर ते असो.

डॉक्टरकी अजून चालू आहे. फक्त आता कोणी लॅपटॉप घेऊन आला की मी काही बोलायच्या आत लातूरकर कॉटवरून ओरडतो, "शेवटी काय लावलं होतं?" आणि पेशंटकडे नाही, माझ्याकडे बघतो.

दिवाळीनंतर तो गावाहून परत आला तेव्हा पिशवीत एक डबा जास्तीचा होता. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. म्हणाला, ताईनं दिलाय, रात्रभर जागून लॅपटॉप दुरुस्त केला त्या भावासाठी. मी विचारलं, "तू तिला सांगितलं नाहीस, कोणी बिघडवला ते?"

"खा गप," लातूरकर म्हणाला आणि फडकं घेऊन लॅपटॉप पुसायला लागला.