कानाला मफ लावा

सायलेन्सर कोणता घ्यावा, याचं आपल्याकडचं उत्तर बाजारात नाही, कायद्यात आहे. शस्त्र नियम 2016 च्या पहिल्या अनुसूचीत आवाज किंवा झळाळ कमी करणारी उपकरणं पहिल्याच, सर्वांत कडक प्रवर्गात टाकली आहेत. नॉर्वेत शिकारी ती सहज विकत घेतात. इथे मिळत नाहीत.

स्वप्निल कुसाळेनं 2024 ला पॅरिसमध्ये 50 मीटर रायफलचं कांस्य आणलं, तेव्हापासून माझ्या भाच्याच्या डोक्यात पॉइंट टू-टू बसली आहे. त्यानं मोबाईलवर सायलेन्सर शोधलेला पाहून आपाचा चेहरा उतरला. आमच्या नावाच्या पोराच्या मोबाईलमध्ये हा शब्द सापडला तर कोण काय समजेल? ही भीती मला वेडगळ म्हणवत नाही.

पोराची काळजी मात्र रास्त आहे. पॉइंट टू-टू रायफलीचा आवाजही सुमारे 140 डेसिबल भरतो, कान जायला एवढा पुरे. शिवाय गोळी आवाजापेक्षा वेगानं सुटली, तर तिचा कडाका सायलेन्सरलाही आवरत नाही. कानात प्लग, वरून इअरमफ. रेंजवर हेच चालतं.

आपल्या परंड्याच्या किल्ल्यात एके काळी मलिक-ए-मैदान तोफ होती. 1549 ला अहमदनगरात ओतलेली, पुढे 1632 ला विजापूरला गेली. तिथे बुरुजावर पाण्याचा हौद दाखवतात. बत्ती दिली की गोलंदाज त्यात बुडी मारायचा म्हणे.