दोन दिवसांत सारंगीचं काय शिकवावं

सारंगी वाजवणाऱ्यांसाठी शनिवार-रविवारचं शिबिर भरवायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : दोन दिवसांत कुणाला सारंगी येते का? येत नाही, आणि हे गृहीत धरूनच मी शिबिर आखतो. माझं म्हणणं असं की अशा शिबिरात राग शिकवूच नये. सारंगी सुरात लावणं, तिच्या ताती बांधणं, घोडी बसवणं, पावसाळ्यात तिला जपणं यावरच बहुतेक वेळ घालवावा. ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटतं. इतक्या लांबून लोक येणार ते संगीतासाठी, आणि तुम्ही त्यांना दुरुस्ती शिकवणार? पण टंचाई कशाची आहे ते बघा. यमन कसा मांडावा हे पुण्या-मुंबईत, सांगली-कोल्हापुरात गायकाकडे बसून शिकता येतं. सारंगी मुळात गळ्याच्या मागोमाग चालणारं वाद्य असल्यामुळे सारंगीवाल्याला तसं शिकणं मानवतंही. त्याच गावात ‘माझी मधली तात गजाखाली सारखी का उसवते’ हे विचारायला मात्र माणूस सापडत नाही. तंबोऱ्याचं काही बिघडलं तर आपल्याकडे मिरज आहे. तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. सारंगीसाठी डोळे मेरठकडे लागतात.

वाद्य जवळून पाहिलं की ही गरज आपोआप कळते. तुणीच्या लाकडाचा एकच ओंडका कोरून सारंगीचं अंग तयार होतं आणि पोटावर बकऱ्याचं कातडं मढवलेलं असतं. वाजवायच्या तारा तीन, त्याही धातूच्या नव्हेत, आतड्याच्या ताती. त्यांच्याखाली आणि बाजूला पस्तीसच्या आसपास तरफा. त्यांतला एक संच बाराही स्वरांचा, एक रागाप्रमाणे बदलायचा, आणि उरलेल्या तरफा वरच्या दोन लहान घोड्यांवरून जवारी काढून नेलेल्या. या सगळ्यांचा ताण शेवटी एका मोठ्या घोडीवर येतो आणि ती घोडी उभी असते कातड्याच्या आधारावर. थेट कातड्यावरही नाही. मध्ये चामड्याची एक पट्टी सारंगीच्या कमरेभोवती आवळलेली असते, ती बराचसा भार पेलते. हवा दमट झाली की कातडं सैल पडतं, घोडी किंचित खाली जाते आणि सगळ्या तारा एकदम उतरतात. नवखा माणूस इथेच फसतो. एकेक खुंटी पिळत बसतो, पहिल्या दहा तरफा लागेपर्यंत घोडी आणखी दबते, मग पहिल्यापासून सुरुवात. पट्टी आवळली की निम्मं काम होतं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. तरफा लावायला नव्या माणसाला तासभर सहज लागतो. रोज तासभर रियाज करायचं ठरवलेल्या नोकरदार माणसाचा वेळ यातच संपत असेल तर महिन्याभरात सारंगी खोळीत जाणार. तिथे त्याच्या रसिकतेला दोष देण्यात अर्थ नाही.

दुसरं कारण शरीराचं. सारंगीची तात बोटाच्या टोकानं दाबायची नसते. नखाच्या मुळाशी जिथे कातडी सुरू होते, तो भाग तातीला बाजूनं टेकवून सरकवायचा असतो. बोट सरकावं म्हणून पावडर लावतात. ज्यांचा हात जुना आहे त्यांच्या नखांच्या मुळाशी घट्टे पडलेले असतात. नव्यांना तिथे सोलवटतं आणि सोलवटलेल्या बोटानं सूर नीट लागत नाही. त्यामुळे सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा ‘सलग वादन’ असं वेळापत्रक जे छापतात त्यांनी स्वतः सारंगी कधी हातात घेतली असेल असं मला वाटत नाही. गज धरणं, त्याला राळ लावणं, घोडीची जागा तपासणं ही कामं बोटांना उसंत देतात आणि शिकवतातही. आणखी एक गंमत संयोजकाला ध्यानात ठेवावी लागते. आठ-दहा सारंग्या एका खोलीत शेजारी ठेवल्या तर एकीचा पंचम दुसरीच्या तरफा छेडतो. ऐकायला ते मोहक असतं, पण आपली तरफ खरोखर सुरात आहे की शेजाऱ्याच्या स्वरानं गुणगुणते आहे हे शिकणाऱ्याला कळेनासं होतं. म्हणून सुरात लावण्याचं सत्र वेगवेगळ्या खोल्यांत घ्यावं. सभागृह एकच असेल तर ते या शिबिराच्या कामाचं नाही, मग ते कितीही प्रशस्त असो.

यावर जाणकार एक आक्षेप घेतात आणि तो हलका नाही. सारंगी मागे पडली ती देखभाल अवघड म्हणून नव्हे, ती कोठ्याशी जोडली गेली आणि सारंगियांना सभ्य समाजानं दाराबाहेर ठेवलं म्हणून. मग किल्ली आणि राळ शिकवून काय होणार? त्या कलंकाचा इतिहास खोटा नाही. पण आपल्याच नाट्यसंगीताकडे पाहिलं तर चित्र जरा वेगळं दिसतं. गंधर्व नाटक मंडळीत कादरबक्ष सारंगीला बसत आणि तबल्यावर अहमदजान थिरकवाँ. मध्यमवर्गीय मराठी कुटुंबं बायकामुलांसह ती सारंगी ऐकत होती. केसरबाई केरकरांच्या गाण्यामागे अब्दुल मजीद खाँची सारंगी होती. म्हणजे प्रतिष्ठित मंचावर सारंगीला जागा होती. तरीही पेटीनं ती घेतली, कारण पेटी उघडली की वाजते. एका मैफिलीत काळी एकचा गायक आणि त्यानंतर काळी पाचची गायिका असेल तर पेटीवाला नुसती बोटं सरकवतो आणि सारंगिया सगळा संसार पुन्हा मांडतो. उलट पुरावाही आहे. ऑल इंडिया रेडिओनं १९४० साली पेटीवर बंदी घातली, ती १९७१ च्या सुमारास सैल झाली. मधल्या काळात केंद्रांना साथीला सारंगी लागत होती, म्हणून पगारी सारंगिये होते. राम नारायण १९४४ मध्ये लाहोर केंद्रावर लागले ते अशाच नोकरीत. कलंक तेव्हाही होताच, पण काम होतं, त्यामुळे वाद्य हातात राहिलं. अवघडपणा आणि उपेक्षा ही दोन वेगळी कारणं नाहीत असं मला यावरून वाटतं. काम आटलं तशी घराण्यांतली मुलं दुसऱ्या व्यवसायांत गेली आणि राग-बंदिशींपेक्षा आधी हरवली ती हातची माहिती. राग ध्वनिमुद्रणांत उरले, पट्टी किती आवळायची हे कुठल्याच तबकडीत नाही.

‘आता व्हिडिओ आहेत’ असं यावर सांगण्यात येतं. आहेत, आणि मीही ते पाहायला सांगतो. पण जवारी काढताना तारेखाली किती घासलं म्हणजे पुरे, हे कानानं आणि बोटानं ठरतं. पडद्यावरच्या सारंगीची जवारी उत्तम वाजते म्हणून तुमच्या हातातली वाजत नाही. दुसऱ्याच्या वाद्यावर बोट ठेवून ‘हे असं लागायला हवं’ म्हणणारा माणूस शेजारी बसलेला असणं, एवढ्यासाठीच लोकांना दोन दिवस एका छपराखाली आणायचं. बाकी सगळं खरोखरच घरी बसून होण्यासारखं आहे.

त्याहून टोकदार आक्षेप घराण्याच्या उस्तादांचा असतो. गंडा बांधल्याशिवाय, वर्षानुवर्षं सेवा केल्याशिवाय विद्या द्यायची नाही. शुल्क भरून आलेल्या हौशी लोकांना दोन दिवसांत सगळं उघडून दाखवलं तर आमच्या मुलांनी काय खायचं? हा प्रश्न संयोजकानं झटकू नये. ज्यांनी हे वाद्य अपमान सोसून जपलं त्यांच्याकडून माहिती काढून घ्यायची आणि निमंत्रणपत्रिकेवर मोठ्या संस्थांची नावं छापायची, हे वाईट दिसतं आणि आहेही. म्हणून माझ्या शिबिरात घराण्याची तालीम, चिजा, खास पलटे यांना हात लावला जात नाही. ते गुरूकडेच राहावं. देखभालीचं ज्ञान उघडं केल्यानं कुणाची तालीम स्वस्त होत नाही, उलट शिष्य टिकतो. ज्याची सारंगी सुरात लागते तोच पुढच्या वर्षी गंडा बांधायला येण्याची शक्यता असते. आणि मानधन कारागिराला कलावंताइतकंच. त्यावर कुरकुर होते, होऊ द्यावी. घोडीची उंची केसभर कमी करून आवाज उघडा करणाऱ्या माणसाला ‘तंत्रसाहाय्य’ या सदरात टाकून चहापाण्याचं पाकीट देण्याची आपली सवय या वाद्याला महागात पडली आहे.

श्रोत्यांचाही मुद्दा उरतोच. १९५४ मध्ये मुंबईच्या कावसजी जहांगीर सभागृहात राम नारायण यांनी एकल सारंगी वाजवायला घेतली तेव्हा गायकांची वाट पाहणाऱ्या श्रोत्यांनी त्यांना आवरतं घ्यायला लावलं. पुढे त्याच माणसानं सारंगी जगभर एकल वाद्य म्हणून नेली आणि २००५ साली पद्मविभूषण मिळवलं. तेव्हा वादक घडवून भागत नाही, कानही घडवावे लागतात, हे मला मान्य आहे. फक्त ते काम शिबिराच्या डोक्यावर लादू नये, त्यासाठी मैफिली आहेत.

मैफीलही शिबिरात असावी, पण कुठे, यावर माझं ठाम मत आहे. बहुतेक जण ती रविवारी संध्याकाळी ठेवतात, समारोपाला, हारतुऱ्यांसह. मी ती शनिवारी रात्री ठेवतो. महिना जानेवारी किंवा फेब्रुवारी, म्हणजे मुंबईतसुद्धा कातडं ताणलेलं राहतं. जेवण साधं, पंखा सारंगीच्या अंगावर येणार नाही असा. शनिवारी ऐकलं की रविवारी सकाळी लोक नेमके प्रश्न घेऊन येतात : मंद्रातून वर जाताना गज कुठे वळवला, दुसऱ्या रागापूर्वी तरफांतल्या नेमक्या कोणत्या बदलल्या, इतक्या लवकर कशा बदलल्या. वादक समोर असतो, त्याचं वाद्यही तसंच लावलेलं असतं, आणि दुपारच्या गाडीपर्यंत उत्तरं द्यायला वेळ असतो. रविवारी रात्री टाळ्या वाजवून घरी गेलेल्या माणसाला हेच प्रश्न सोमवारी लोकलमध्ये पडतात, आणि तिथे विचारणार कुणाला?