झपाटलेल्या जागा

भुताला जागा लागते. पिंपळ, पडकी विहीर, ओस पडलेला वाडा. आपल्या आज्या भुताची गोष्ट सांगायच्या तेव्हा आधी त्याचा ठिकाणा सांगायच्या. हिंदीत भयपट काढणाऱ्या रामसे बंधूंना हे पुरतं उमगलं होतं. त्यांच्या चित्रपटांची नावंच बघा: ‘पुराना मंदिर’, ‘पुरानी हवेली’, ‘तहखाना’, ‘वीराना’. नायकाचा पत्ता नाही, जागेचा मात्र आहे.

या बंधूंचे वडील कराचीत रेडिओचं दुकान चालवत. फाळणीत ते मागे राहिलं आणि कुटुंब मुंबईत आलं. १९७० साली त्यांचा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ पडला. पण भयानक मुखवटा घालून पृथ्वीराज कपूर चोरी करायला येतात, त्या प्रसंगाला प्रेक्षक थरारत होते. मुलांनी ते थिएटरात बसून हेरलं आणि १९७२ मध्ये महाबळेश्वरच्या एका गेस्ट हाऊसात ‘दो गज जमीन के नीचे’ उभा राहिला. पैसा तुटपुंजा, पण भाऊ सात! कुणी लिहायचं, कुणी कॅमेऱ्यामागे, कुणी आवाज, कुणी संकलन. दिग्दर्शन तुलसी आणि श्याम यांचं. सेट उभारायची ऐपत नसली की काळोख कामाला येतो. निळ्या प्रकाशाची तिरीप, करकरणारं दार, एवढ्यावर अख्खी हवेली उभी राहते. उरलेली आपली भीती बांधून काढते.

मला मात्र या भुतांपेक्षा त्यांची कारणं जास्त छळतात. ‘पुराना मंदिर’मधल्या सैतान सामरीचं मुंडकं आणि धड वेगवेगळं ठेवलं जातं, पण त्याचा शाप राजघराण्याला पिढ्यान्‌पिढ्या पुरतो: त्या घरच्या बाईनं बाळंतपणात मरायचं. ‘वीराना’त विजयेंद्र घाटगेंचा समीर चेटकिणीला संपवतो आणि ती शिरते त्याच्या अजाण पुतणीच्या अंगात. वैर पुरुषांनी घ्यायचं, झपाटायचं पोरीबाळींनी. त्या पुतणीच्या तोंडून घोगरा आवाज येतो तेव्हा मला धाक वाटतो तो घराण्यानं दडपलेल्या गोष्टीचा.

समीक्षकांनी या चित्रपटांकडे नाक मुरडून पाहिलं. गावोगावच्या प्रेक्षकांनी मात्र ते डोक्यावर घेतले. ‘पुराना मंदिर’ १९८४ मध्ये तुफान चालला. ज्यांच्या गावात एखादी बंद माडी आहे आणि तिच्याबद्दल मोठी माणसं बोलत नाहीत, त्यांना हे चित्रपट खोटे कसे वाटतील?

आपलं दुकान, आपलं गाव सरहद्दीपलीकडे सोडून आलेल्या घरातल्या मुलांनी आयुष्यभर ओसाड वास्तूंच्या गोष्टी सांगाव्यात, हा मला निव्वळ धंद्याचा हिशोब वाटत नाही. माणूस जागा सोडतो, जागा माणसाला सोडत नाही. झपाटणं याहून वेगळं काय असतं?