घाटातली जादा बैलजोडी



मी कफ परेडच्या मच्छीमार नगरात राहणारा कोळी. समोर समुद्र, पाठीशी वीस-पंचवीस मजल्यांच्या इमारती आणि मध्ये आमची वस्ती. वडिलांची होडी होती, मग माझी झाली, आता मुलगा सांभाळतो. आमच्या धंद्यात हल्ली 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक होड्या बंद असतात. माशांच्या विणीचा तो काळ. होड्या वर ओढून प्लास्टिकने झाकायच्या, जाळी दुरुस्त करायची आणि नारळी पौर्णिमेची वाट बघायची. समुद्राचे दार बंद होते, त्याच दिवसांत आळंदीचे दार उघडते. मला वाटायचे, ही सोय पांडुरंगाने खास आम्हा कोळ्यांसाठी केली आहे. त्या सोयीवर मी चोवीस वर्षे पायी वारी केली.

माळ घातली तेव्हा मासे खाणे सुटले. धंदा मात्र सुटला नाही, पोट त्यावरच होते. दिंडीत सुरुवातीला कोणी विचारायचे, "कोळीबुवा, माळ घालून जाळे कसे टाकता?" मी सांगायचो, खाणे माझ्या हातात होते ते सोडले, घर चालवणे सोडता आले नाही. पुढे विचारणारेच माझ्याशेजारी पंगतीला बसू लागले. घरी मात्र बायको सुके बोंबील भाजायला लागली की मी उठून समुद्रावर जाऊन बसतो. हे खरे ते सांगतो. मन मेलेले नाही, फक्त त्याला उठून जायची सवय लागली आहे.

सांगायचे आहे ते गुडघ्यांचे.

गेल्या वारीत जेजुरी सोडून वाल्ह्याच्या वाटेवर उजवा गुडघा असा धरला की पाऊल पुढे पडेना. दोन टाळकऱ्यांनी खांद्याला धरून मला सामानाच्या ट्रकमध्ये चढवले. ट्रकच्या मागच्या बाजूने मला आमची दिंडी दिसत होती. पताका, वीणेकरी, माझ्या जागेवर उभा असलेला दुसराच माणूस. मी ताडपत्री तोंडावर ओढून घेतली. उन्हासाठी नव्हे, कोणी बघू नये म्हणून. पंढरपूर झाले, कळसाचे दर्शन झाले, पण मनात एकच होते, की माझी वारी वाल्ह्याच्या अलीकडेच मोडली.

मुंबईला डॉक्टरांनी फोटो काढला. म्हणाले, गुडघ्याची झीज झाली आहे, लांबचे चालणे आता बंद. "पण बसून राहू नका, सायकल चालवा. सायकलवर शरीराचा भार सीटवर राहतो, गुडघा हलतो पण दाबला जात नाही." मुलगा म्हणाला, "बाबा, यंदा गाडी करून थेट वाखरीला जाऊ. सगळ्या पालख्या तिथेच येतात. तिथून पुढे जमेल तेवढे चाला." मी त्याच्याशी दोन दिवस बोललो नाही. चोवीस वर्षे चाललेला माणूस गाडीतून उतरून वारकऱ्यांत मिसळणार? मग ती वारी कसली, असे मी त्याला तोडून बोललो.

सायकल मात्र घेतली. पण कफ परेडला ती चालवायची कुठे? एका बाजूने टॅक्सी, दुसऱ्या बाजूने उभ्या गाडीचे दार केव्हा उघडेल याचा नेम नाही. दोनदा पडता पडता वाचलो आणि सायकल दाराशी टेकवून ठेवली. तेव्हा बोरिवलीला राहणारा माझा भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही आमच्याकडे या. नॅशनल पार्कात घेऊन जातो. तिथे सायकल भाड्याने मिळते आणि रस्ता झाडांतून जातो."

फेब्रुवारीतला मधल्या वाराचा दिवस होता. चर्चगेटहून पहिल्या गाड्यांपैकी एक पकडली. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान माझ्याच शहरात आहे, सुमारे 104 चौरस किलोमीटरचे जंगल, पण साठी आली तरी मी आत गेलो नव्हतो. आम्हा कोळ्यांची नजर पश्चिमेला. पाठीमागे डोंगर आहे हे फक्त पावसाळी ढग अडले की आठवते.

भाच्याने सायकल निवडताना आधी सीट वर करून घेतली. म्हणाला, "मामा, पॅडल सगळ्यात खाली गेले की गुडघा जवळजवळ सरळ झाला पाहिजे. सीट खाली असली की गुडघा दुमडलेलाच राहतो आणि दुखतो." इतकी वर्षे मी सायकल म्हणजे पाय जमिनीला टेकले पाहिजेत असेच समजत होतो.

फाटकापासून कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत सहा किलोमीटरच्या आसपास रस्ता आहे. सुरुवातीला सोपा, मध्ये वळणे आणि शेवटी चढ. पहिल्या वळणानंतर शहराचा आवाज बंद झाला. आम्ही लवकर गेलो होतो. चालणारे काही जण भेटले, मोटार एकही नव्हती. पळस आणि काटेसावर फुलली होती, माकडे कठड्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पिशव्या बघत होती. भाचा म्हणाला, इथे बिबटे आहेत, पण ते आपल्याला बघतात, आपण त्यांना बघत नाही. मी मनात म्हटले, देवाचेही तसेच आहे.

मोटारीचा रस्ता आणि हा रस्ता यांत फरक काय, याचा मी विचार करत होतो. डांबर तेच. पण मागून काही येणार नाही ही खात्री असली की खांदे सैल पडतात, मान ताठ राहत नाही, नजर पुढच्या झाडावर जाते. आणि नाम आपोआप येते. उजवा पाय खाली, विठ्ठल. डावा पाय खाली, विठ्ठल. टाळ नव्हता, पण ठेका सापडला. असा रस्ता मला आधी एकदाच मिळत होता, वर्षातून एकदा, वारीत. पालखीच्या दिवसांत गाड्या बाजूला होतात आणि एरवी ट्रकच्या मालकीचा असलेला रस्ता माणसांचा होतो. आपण म्हणतो वारीत वेगळेच वाटते. त्यातला थोडा भाग असाही असेल की त्या दिवसांत मागून भोंगा वाजवून कोणी आपल्याला बाजूला सारत नाही.

मग चढ आला.

भाड्याच्या सायकलला गिअर नव्हते. मी उभा राहून जोर लावला आणि गुडघ्यात तीच वाल्ह्याची कळ आली. भाच्याने हाक मारली, "मामा, उतरा." मी उतरलो नाही. दात आवळून आणखी वीस-तीस हात गेलो. एक कॉलेजातला मुलगा भर्रकन पुढे गेला आणि मला वाटले तो मनात हसला. त्याने माझ्याकडे पाहिलेही नसेल.

वळणावर एक आदिवासी बाई टोपलीत बोरे, आवळे आणि चिंचा घेऊन बसली होती. जंगलातल्या पाड्यांवरची. माझी दशा बघून ती अगदी सहज म्हणाली, "उतरून ढकला ना बाबा. इथं समदेच उतरतात."

मी उतरलो. तिच्याकडून आवळे घेतले. सायकलच्या हँडलला धरून चालू लागलो तर लक्षात आले, सायकल मला आधार देत होती. अर्धा भार तिच्यावर, अर्धा माझ्या पायावर. त्या चढाला मी सायकल ढकलत होतो की सायकल मला नेत होती, हे सांगता येणार नाही.

आणि तिथे मला दिवेघाट आठवला.

माउली, आपल्यापैकी ज्यांनी तो घाट चढला आहे त्यांना सांगायला नको. पुण्याहून सासवडचा तो टप्पा वारीतला सगळ्यात लांबच्या टप्प्यांपैकी एक. हडपसर मागे पडले की डोंगर समोर उभा राहतो. घाटाच्या तोंडाशी माउलींचा रथ थांबतो आणि रथाला जादा बैलजोड्या लावतात. सपाटीला जी जोडी रथ ओढते तिच्याच बळावर घाट चढवायचा हट्ट कोणी धरत नाही. चोवीस वर्षे मी ते डोळ्यांनी पाहिले, जोड्या जुंपताना पाहून हात जोडले, आणि त्यातून शिकायचे ते शिकलो नाही. माउलींच्या रथाला घाटात मदत लागते यात कोणाला उणे वाटत नाही. मला मात्र ट्रकात बसताना तोंड झाकावे लागले.

तेव्हा मी कोणासाठी चालत होतो? हा प्रश्न त्या चढावर मला सुटा मिळाला. देवाला भेटायचे म्हणून चालत होतो हे खरे. पण "कोळीबुवांची चोवीसवी वारी" असे कोणी म्हटले की छाती फुगायची, हेही खरे. वर्षे मोजता मोजता मोजणाराच मोठा झाला होता. अरणच्या सावता महाराजांनी मळा सोडला नाही, मळ्यातच त्यांना विठ्ठल दिसला, हे कीर्तनात मी शंभरदा ऐकले आहे. ऐकताना मान डोलवली, पण ते दुसऱ्यांसाठी आहे असे धरून चाललो.

वर लेण्यांत पोहोचलो. डोंगराच्या काळ्या दगडावरून कान्हेरीला कृष्णगिरी म्हणत. इथे शंभरावर लेणी आहेत, बौद्ध भिक्षूंची. सोपारा आणि कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानाचे लेख तिथे कोरलेले आहेत. पावसाळ्यात भिक्षू फिरणे थांबवून एका जागी राहत, तो त्यांचा वर्षावास. आपला चातुर्मास, आमची होड्यांची बंदी, त्यांचा वर्षावास. पाऊस सगळ्यांनाच थांबायला शिकवतो. लेण्यांच्या दगडात पन्हळी कोरल्या आहेत, डोंगरावर पडलेले पाणी त्यातून टाक्यांत उतरते. मी एका टाक्याजवळ बराच वेळ बसलो. याच डोंगरांत 1860 साली विहार आणि 1879 साली तुळशी तलाव बांधून झाला आणि खाली मुंबईला नळाचे पाणी मिळाले. तुळशी तलावातून दहिसर नदी निघते, विहारच्या बाजूने मिठी निघते आणि शेवटी दोन्ही आमच्या समुद्राला येतात. जाळ्यात मासळीबरोबर पिशव्या आणि बाटल्या येतात तेव्हा मी किनाऱ्यावरच्या लोकांना बोल लावायचो. त्या दिवशी कळले, डोंगरात टाकलेलीही एक पिशवी माझ्या जाळ्यापर्यंत चालत येते. तिला कोणाचा आधार लागत नाही.

उतरताना पाय मारावेच लागले नाहीत. भाच्याने बजावले होते, ब्रेक एकदम दाबू नका, थोडा थोडा दाबा आणि सोडा. वारा तोंडावर घेत खाली आलो. ती बाई अजून तिथेच होती. मी हात जोडले, तिला कारण कळले नसावे.

परत येताना भाचा म्हणाला, नाशिकहून सायकलवाले दरवर्षी सायकलने पंढरपूरला जातात, तुम्हीही जा. मी नको म्हटले. हायवेवर ट्रकांच्या मधून सायकल चालवायचे माझे वय नाही, आणि गुडघा सपाटीवर बरा आहे म्हणून मोठा पल्ला झेपेल असे नाही. जादा बैल घाटासाठी असतात, शर्यतीसाठी नव्हे.

घरी आल्यावर मुलाला जवळ बसवले. सांगितले, "तू म्हणालास ते मी नीट ऐकले नाही." तो काही बोलला नाही, चहा करून आणला. मग दिंडीच्या प्रमुखांना फोन केला. म्हटले, यंदा मी ट्रकवर येतो, पण बसायला नाही. तंबू माझ्याकडे द्या.

दोन वर्षांपूर्वी नातेपुत्यानंतरच्या मुक्कामात रात्री वादळी पाऊस आला. काळ्या मातीत खुंट्या धरेनात आणि आमचे दोन तंबू म्हाताऱ्या बायकांच्या अंगावर बसले. मी चालून दमलो होतो, झोपेतून उठायला मला वेळ लागला. दोरी कशी ताणायची, गाठ कशी मारायची की वाऱ्याने आवळेल आणि सकाळी एका झटक्यात सुटेल, हे कोळ्याला शिकवावे लागत नाही. आजवर वारीत मी ते कधी केलेच नाही, कारण मी चालणारा होतो आणि तंबू लावणे हे ट्रकवाल्यांचे काम होते.

प्रमुख थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "कोळीबुवा, हे आधी का नाही सुचले?"

अजून महिन्यातून दोनदा मी बोरिवलीला जातो. सोमवारी उद्यान बंद असते, म्हणून तो वार सोडून. चढाच्या वळणाला उतरतो आणि सायकल ढकलतो. गुडघा बरा झाला असे म्हणणार नाही. आळंदीहून प्रस्थान होईल तेव्हा माझ्या जागी दुसरा टाळकरी उभा राहील आणि मला वाईट वाटेल, तेही आत्ताच सांगून ठेवतो. पण ट्रक पुढे जाईल, मी उतरून खुंट्या ठोकीन, आणि दिंडी मुक्कामाला येईल तेव्हा तंबू उभे असतील. तोंडावर ताडपत्री घ्यायची गरज पडणार नाही, ती मी डोक्यावर ताणलेली असेल, सगळ्यांच्या.

ज्यांचे पाय यंदा थांबले आहेत अशा माउलींसाठी हे लिहिले. आपल्या हातात काय आहे ते एकदा बघा, आणि दिंडीत कोणाला तरी फोन करा.

रामकृष्ण हरी.